मामा हवेत असताना

मी कोरेगावहून सकाळच्या गाडीने निघाले. पिशवीत जादा बॅटरी, मऊ फडकं आणि कॅमेऱ्यावर चढवायला प्लॅस्टिकची पिशवी. आईने दारातून पुन्हा बजावलं, "व्हिडिओ नगं. त्यात दादा पळतोय, डोळाभर बघाय मिळत न्हाई. उडी मारलेला फोटूच आण." गुडघ्यांमुळे तिची माहेरची जत्रा सुटली आहे, आणि तिचा दादा, म्हणजे माझे मामा, यंदा शेवटचं नाचणार होते.

मिरजेपर्यंत खिडकीत ऊस. तिथून एसटी कवठे महांकाळकडे वळली की माळ, मधूनच एखादी द्राक्षबाग आणि टेकडीवर पवनचक्क्या. पोचल्यावर मामींनी आधी बाजरीची भाकरी आणि मटण पुढे ठेवलं, मग खुशाली विचारली.

दुपारी देवळापुढे गजी (धनगरांचा ढोलावरचा नाच) सुरू झाला. पांढऱ्या घोळदार अंगरख्यातले पुरुष हातातले रुमाल उडवत एकदम गिरकी घेत होते. पहिले फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागावर घेतले. चेहरे बरे आले, पण पाय पुसट, आणि भंडारा (उधळायची हळद) म्हणजे नुसता धूर. मग शटर दोन हजारावर नेलं. एवढ्या वेगात आत उजेड फार कमी येतो. ऊन होतं तोवरच जमणार होतं.

मामांची रांग समोर आली. मी कॅमेरा उचलला आणि मामा जागच्या जागी थांबले. हात मांडीला, छाती पुढे. मागचा गडी त्यांच्यावर आदळला.

"मामा, नाचा ना!"

"आगं, फोटू काढतीस न्हवं? मग हलायचं कसं?"

मामांच्या घरी भिंतीवरचे सगळे पुरुष असेच ताठ उभे आहेत.

मामी ओरडल्या, "आवं, नाचा की! आधार कार्डाचा फोटू हाय व्हय?"

सगळे हसले. पण पुढच्या फेरीलाही तेच, त्याच्या पुढच्याही. सावल्या लांबल्या. आईला काय सांगायचं? शेवटी मामी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या खांद्यावरनं काढ. मला बघून काय थांबत न्हाईत त्ये."

थांबले नाहीतच, उडी उलट वाढली. फोटोत दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, रुमाल ताठ, हळदीचा कण न् कण वेगळा, आणि नजर सरळ मामींवर. हे सगळं तिथं उभ्या असलेल्या कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही नाही. एवढा वेग वापरायचा तो अशाच वेळी.

परतल्यावर साताऱ्यात मोठी प्रत काढून घेतली. आई ती खिडकीशी घेऊन बसली. चहा निवला.

"घोटा अजून तसाच वाकडा हाय, ल्हानपणी मोडला तवापास्नं," ती म्हणाली. मग बोट मामांच्या पायांखालच्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"उतर की रं दादा आता. आन् ये इकडं जेवाय."