शिंप्याचा मणका फायरमनच्या पाठीत

थांबा, हातातलं काम ठेवा आणि हे आत्ताच ऐका! सकाळपासून डोकं तापलंय. टाइपरायटर मोडेल इतक्या जोरात बडवतोय.

जेठाभाई आमच्या रेल्वेच्या दवाखान्याच्या टेबलावर पालथा पडलाय. छाणी गावचा माणूस. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. वर्षभर कंबर दुखतेय. आज त्याचं मेडिकल. म्हणजे आम्ही तिघांनी पाठ बघून ठरवायचं, हा कामावर राहतो की कायमचा घरी जातो. घरात चार पोरं.

तिघे म्हणजे मोठे डॉक्टर दादासाहेब, विलायतेहून आलेले ऑस्टिओपॅथ रावसाहेब, आणि सगळ्यांत धाकटा मी. ऑस्टिओपथी म्हणजे बोटांनी चाचपून हाडांतला, स्नायूंतला दोष शोधायचा आणि हातानंच तो बरा करायचा. रावसाहेबांच्या बोटांवर सगळ्यांचा भरवसा. माझाही होता, खोटं कशाला बोलू?

आमची पद्धत अशी, की आधी मागच्या तपासणीचा कागद वाचायचा, मग पाठीला हात लावायचा. कागदावर रावसाहेबांचाच गेल्या आठवड्याचा शेरा होता, 'कंबरेचा चौथा मणका डावीकडे सरकलेला. कायमचा अधू.'

रावसाहेबांनी बोटं फिरवली. "हा बघा. डावीकडे. स्पष्ट."

दादासाहेबांनी दाबलं. "अगदी बरोबर."

मी दाबलं. आणि देवाशप्पथ, मलाही तो सरकलेला लागला!

टेबलावरून आवाज आला, "साहेब, मने तो जमणी बाजू दुखे छे."

"उजवीकडे दुखतं म्हणतोय," मी म्हटलं.

"दुखतं तिथंच दोष असतो असं नाही," रावसाहेब म्हणाले. "तू गप पड रे."

सही करायला मी कागद ओढला आणि वरचं नाव वाचलं. मगनलाल दरजी, म्हणजे शिंपी! तो बाहेर बाकावर बसलेला. शिपायानं दोघांचे कागद अदलाबदल करून ठेवलेले. आमच्या संस्थानाच्या महाराजांनी गावोगाव वाचनालयं काढली, आणि आम्ही शिकलेले लोक पेशंटचं नावसुद्धा वाचत नाही!

जेठाभाईचा खरा कागद मागवला. त्यावर रावसाहेबांचाच शेरा, 'मणके जागेवर. ढोंग करतो.'

रावसाहेबांनी कागद पालथा घातला.

"आठवड्यात सरकला असेल," रावसाहेब म्हणाले.

माझी सटकली. "मग कागदाशिवाय बघू या साहेब. एकेकानं, पडद्याआड. जो मणका सरकलेला वाटेल त्यावर शाईचा ठिपका द्यायचा. केशवकाका टेपनं मोजून लिहून घेतील आणि ठिपका पुसून टाकतील." केशवकाका म्हणजे आमचे कंपाउंडर.

"माझी परीक्षा घेतोस?"

"तिघांची घेतोय. याची नोकरी जातेय साहेब!"

दादासाहेबांनी चष्मा काढला. "होऊन जाऊ दे."

तीन माणसं, तीन ठिपके. दादासाहेबांचा रावसाहेबांच्या ठिपक्यापेक्षा दोन मणके वर. माझा उजवीकडे, कारण जेठाभाईचं बोलणं मी ऐकलं होतं. माझ्या बोटांचा शहाणपणा तेवढाच! जेवून आल्यावर पुन्हा केलं. रावसाहेबांचा दुपारचा ठिपका त्यांच्याच सकाळच्या ठिपक्यापासून दोन बोटं लांब. त्यांचं स्वतःशीच जमेना!

"साहेब," जेठाभाई कण्हत म्हणाला, "आ मारी पीठ छे के नकशो?"

माझी पाठ आहे की नकाशा, म्हणे! केशवकाका तोंडावर टॉवेल धरून बाहेर पळाले.

शेवटी दादासाहेबांनी नवा कागद घेतला. 'हाताच्या तपासणीवरून निश्चित सांगता येत नाही. दुखणं खरं धरावं. दोन महिने हलकं काम, मग पुन्हा बघावं.' जेठाभाई आता शेडमध्ये दिवे पुसणार. नोकरी राहिली. मगनलालची तपासणीही उद्या नव्यानं, कागदाशिवाय.

"आणि आजवर आपण ज्यांना घरी पाठवलं, ते?" मी विचारलं.

दादासाहेब फाइलीची नाडी बांधत म्हणाले, "ते रेकॉर्ड झालं. पुढचा पेशंट घे." आणि पुढच्याचा कागद माझ्या हातात दिला. आधी वाचायला!

मी तो न वाचताच खिशात घातला. बोटं खोटं बोलत नाहीत हो, पण सांगितलेलं फार ऐकतात.

आता तुम्ही सांगा, तुमच्या पाठीत असा दुसऱ्याचा मणका कुणी शोधलाय का? हात लावण्याआधी डॉक्टर काय वाचत होते, आठवतंय?