बुडालेल्या घंटेचा आवाज

मंडळी, आज दुपारची गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये.

इथे अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्या शेजारी डोरोथी आजी राहतात, मूळच्या इंग्लंडच्या. त्यांच्या दारातला स्नो साफ करून दिला म्हणून त्यांनी चहाला बोलावलं. त्यांच्या गावी समुद्राकाठी एक पडका मध्ययुगीन ख्रिस्ती मठ आहे. इंग्लंडच्या राजाने मठ बंद पाडले, तेव्हा त्याच्या माणसांनी मठाची घंटा काढून जहाजावर चढवली आणि जहाज तिथेच बुडालं. मेलेले साधू ती घंटा अजून पाण्याखाली वाजवतात, म्हणे. आजी लहानपणी वाळूला कान लावून बसायच्या. कधीच ऐकू आली नाही.

मी म्हटलं, आमच्याकडची बुडाली नाही. वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी जिंकून नेल्या आणि देवळांत टांगल्या. वाईजवळ माझ्या आजोळच्या देवळात तशी एक आहे. मामेभावाने पाठवलेला तिचा व्हिडिओ फोनवर लावला.

आजींनी डोळे मिटले. आवाज विरेपर्यंत हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "ही अजून वाजते, हे तिच्या गावाला माहीत आहे का?"

अंगावर काटा आला यार. ती घंटा मी कितीदा वाजवली असेल, पण तिकडे वसईला समुद्राकाठी कोणी कान लावून बसलं असेल, हे कधी मनातच आलं नाही. तुमच्या मनात आलं होतं?