यात नवीन काय?

जरीना हाताची पक्की होती आणि मताचीही. चंद्रपूरच्या परकोटाला लागून असलेल्या एका गल्लीत तिच्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा वारला, तशी ती माहेरी परतली. सगळ्यांनी शिवणयंत्र घे म्हणून सांगितलं. तिनं अब्बांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि सुट्या तारांना डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकली. गल्लीनं वर्षभर नाकं मुरडली, मग एकेकानं आपले बिघडलेले टेपरेकॉर्डर तिच्याकडे आणून दिले. अब्बा गेले तेव्हा दुकानाची, म्हणजे घराची पुढची खोली त्यांनी तिच्या नावावर केलेली होती. धाकटा भाऊ इनायत आपल्या बायको-मुलासह मागच्या दोन खोल्यांत राहायचा आणि बाजारात बांगड्यांचं दुकान चालवायचा.

१९९३ च्या उन्हाळ्यात कोळसा खाणीतल्या एका बाबूनं टीव्ही गेम दुरुस्तीला आणला. जरीनानं असलं यंत्र आधी पाहिलं नव्हतं. रिमोटची तार आतून तुटली होती, ती जोडायला तिला दहा मिनिटं लागली. पण जोडलेली तार नीट चालते की नाही हे कळायला खेळून पाहावं लागतं, म्हणून ती खेळायला बसली. पडद्यावर एक ठेंगणा गडी होता, त्याला खड्ड्यांवरून उड्या मारत पुढं न्यायचं. बाबू संध्याकाळी आला, दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. दर वेळी जरीनानं त्याला सांगितलं की तपासणी अजून बाकी आहे. चौथ्या दिवशी तो गडी शेवटच्या किल्ल्यात पोचला, तेव्हा कुठं बाबूला त्याचा डबा परत मिळाला.

महिन्याभरात ती नागपूरला जाऊन स्वतःचा सेट घेऊन आली. दुरुस्तीतले दोन जुने टीव्ही पुढच्या खोलीत मांडले, दिवाळीपर्यंत त्यांचे चार झाले. शाळा सुटली की पोरांच्या चपलांनी दुकानाची पायरी दिसेनाशी व्हायची. मोठी माणसंही यायची आणि पोरांना घ्यायला आलो म्हणून सांगून तासभर उभी राहायची.

जरीनाचा एक नियम होता. गेमची नवीन कॅसेट आली की ती आधी स्वतः शेवटपर्यंत खेळायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. त्यासाठी एक वही होती. वरच्या ओळीत गेमचं नाव, आणि खाली एकच प्रश्न: यात नवीन काय? उत्तर मात्र ती मनापासून लिहायची. ‘यात पाण्यात उतरता येतं, आणि पाण्यात गडी हळू चालतो.’ ‘यात दोघं मिळून खेळतात, एकानं मागं राहिलं तर दुसऱ्याला थांबावं लागतं.’ ‘यात भिंत फोडता येते. आधीच्या कुठल्याच गेममध्ये भिंत फुटत नव्हती.’ त्या दोन-तीन वर्षांत दर महिन्याला असं काही ना काही लिहायला मिळायचं, आणि आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी वाढतंय असं तिला वाटायचं. शेतकऱ्याला धान पोटरीत आलेलं दिसावं तसं.

मग वही आटत गेली. ‘मागच्यासारखाच, फक्त गडी हिरवा.’ ‘मागच्यासारखाच, फक्त बंदूक.’ जरीना दुरुस्तीवाली असल्यामुळं तिला दुसरीही गोष्ट दिसत होती, जी पोरांना दिसणं शक्य नव्हतं. आधीच्या कॅसेटी उघडल्या की आत तीन-चार आयसी ओळीनं बसवलेल्या असायच्या, त्यांच्यावर नंबर असायचे. आता कॅसेट हलकी झाली होती आणि आत गोंदाचा एक काळा ठिपका होता, बस. तो बिघडला की दुरुस्तही करता येत नव्हता.

१९९८ साली नागपूरच्या दुकानदारानं तिच्या हातात एक कॅसेट ठेवली. वर लिहिलं होतं, एकात नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. जरीना नियमाला धरून बसली. अकरा दिवस तिनं यादी एकेक करून पाहिली. सातव्या नंबरला रणगाड्यांचा गेम होता. अठ्ठाविसाव्या नंबरला तोच, फक्त दुसऱ्या पातळीपासून सुरू होणारा. चाळिसाव्याला तोच, वेगळ्या नावानं. पाचशेच्या पुढं तिनं दर शंभरातला एक पाहिला आणि तिथंही तेच निघालं. खरे गेम भरले सदतीस. त्यांतले चौतीस तिच्या वहीत आधीपासून होते.

त्या दिवशी तिनं वहीत एकच ओळ लिहिली: ‘गेम संपले.’ इनायतला सांगितलं की आता यात पुढं काही होणार नाही. बनवणाऱ्यांकडचं सांगायचं सगळं सांगून झालं आहे. वर्षभरात टीव्ही एकेक करून गेले. पुढच्या खोलीत मिक्सर, पंखे आणि रंगीत टीव्ही दुरुस्तीला येऊ लागले, आणि जरीना त्यातही सुखात होती.

इनायतचा मुलगा नदीम तोवर मोठा झाला होता. आत्याच्या त्या चार टीव्हींसमोरच तो वाढला होता. नागपुरात शिकून तो २००५ साली परत आला आणि सोबत सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर आणि अकरा सीडी घेऊन आला. त्याला पुढच्या खोलीत गेमचं दुकान टाकायचं होतं, सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडून. पण खोली जरीनाची होती, म्हणून त्यानं आधी तिला दाखवायला बसवलं.

दाखवताना त्याचा जीव वर-खाली होत होता. पाण्यात आभाळ दिसतं बघ, वारा आला की झाडाचं पान न् पान हलतं बघ. जरीनानं एकेक सीडी वीस-पंचवीस मिनिटं खेळून पाहिली. मग चष्मा पुसत म्हणाली की चित्र फार सुंदर झालंय, पण काम तेच आहे. समोर आलेल्याला मारायचं आणि पुढं जायचं. दहा वर्षांपूर्वी गडी चौकोनी होता, आता त्याला नाक-डोळे आले, एवढंच.

नदीम चिडला. त्याच्या मते फुप्पीचं, म्हणजे आत्याचं, घड्याळ जुन्या जमान्यातच थांबलं होतं. जरीनाच्या मते त्याला सजावट आणि घर यांतला फरक कळत नव्हता. जी गोष्ट संपली आहे तिच्यासाठी खोली द्यायची नाही, असं तिनं सांगून टाकलं. पंधरा दिवस दोघं एकत्र जेवायला बसत होते, पण बोलत नव्हते. कॉम्प्युटर कोपऱ्यात चादर पांघरून पडून राहिला.

तो अबोला मोडला इनायतच्या बायकोनं. रुबीना आरमोरीची, तिच्या बोलण्यात हिंदीपेक्षा झाडीबोलीच जास्त. गेमच्या वाटेला ती जन्मात गेली नव्हती, पण जरीना त्या सीडी पाहत होती तेव्हा ती तिथंच बसून वाटाणे सोलत होती. एका दुपारी दुकानात दोघीच असताना तिनं विषय काढला.

“आपा, एक विचारू? तुमी तं ते गेम खेळलेच नाई.”

जरीना म्हणाली की सगळे अकरा पाहिले, तुझ्यासमोरच पाहिले.

“पाह्यले. खेळले नाई,” रुबीना म्हणाली. “कॅसेटीच्या वक्ती तुमी एकेक गेम आखरीपर्यंत न्याच्या. मंग वहीत लिवाच्या. नदीमच्या गेमले तुमी पाव घंटा देल्ला. मले गेममधलं काई समजत नाई, पण हे मले बराबर नाई वाटलं.”

 जरीनानं हातातल्या पंख्याचं काम पुरं केलं, तो चालू करून पाहिला. पण बोलणं लागलं होतं. आयुष्यभर ती गिऱ्हाइकांना सांगत आली होती की आतून उघडून पाहिल्याशिवाय मी काय बिघडलंय ते सांगत नाही. आणि इथं तिनं वरचं झाकण बघून निकाल देऊन टाकला होता. संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवरची चादर काढली आणि नदीमला हाक मारून म्हणाली की पहिल्यापासून सुरू कर, आणि मला काही सांगू नको.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. वीज बनवणारं गाव, पण वीज दिवसातून काही तास जायचीच. उरलेल्या वेळात काम सांभाळून जरीना रोज दोन तास खेळायची. आठ महिने लागले. पहिल्या चार सीडींनी तिचंच म्हणणं खरं केलं. पाचवी तिनं जवळजवळ रागानंच लावली.

हा गेम एका डोंगरखोऱ्यातला होता. एक वाटसरू, मागं दरोडेखोर. पहिल्याच तासात जरीनानं नाल्यावरचा लाकडी पूल पेटवून दिला आणि पाठलाग तोडला. कुठल्याही गेममध्ये हेच करायचं असतं. ती पुढं निघून गेली. दोन आठवड्यांनी तिचा गडी फिरत फिरत नाल्यापलीकडच्या गावात पोचला. गावातल्या माणसांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. बाजार मोडला होता, कारण पुलावरून माल येत नव्हता. एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन नाल्याच्या काठाकाठानं लांबचा वळसा घालून चालली होती.

जरीनाचा हात थांबला. तिला आधी वाटलं, योगायोग असेल. तिनं म्हातारीच्या मागं मागं गडी नेला. म्हातारी खरंच पूर्ण वळसा घालून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली.

कॅसेटीतला गडी मेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. फोडलेली भिंत जागेवर, मारलेले राक्षस जागेवर. तिला ते कधी खटकलं नव्हतं, कारण गेम म्हणजे तसंच असतं असं ती धरून चालली होती. हा गेम विसरत नव्हता. तिनं केलेलं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि तिला दाखवत होता.

नवा डाव मांडून पूल वाचवता आला असता. पण ते तिला पळवाटेसारखं वाटलं. तिनं जंगलातून लाकडं वाहिली. एक सुतार होता, तो आधी बोलायलाच तयार नव्हता; त्याच्या दारात सात दिवस लाकूड नेऊन टाकलं तेव्हा तो उठला. पूल झाला. गेमनं बक्षीस दिलं नाही की वाजंत्री वाजवली नाही. म्हातारी पुलावरून गेली, एवढंच.

अकराही सीडी संपल्या त्या रात्री जेवताना जरीनानं नदीमच्या ताटात आपल्या हातानं कबाब वाढला आणि सांगितलं की तिची चूक झाली होती. सगळी नाही, पण झाली होती. अकरांतले नऊ तिच्या मते अजूनही जुन्याच कामाला नवे कपडे होते. पण उरलेल्या दोनांसाठी तिनं वहीत पाच पानं लिहिली होती. नदीमनं पानं वाचली. मग म्हणाला की त्या नऊंपैकी एखाद-दुसऱ्याबद्दल त्यालाही तसंच वाटत होतं, पण भांडणात कबूल करवलं नाही.

दुकान २००६ च्या पावसाळ्यानंतर उघडलं. जरीनाची अट एकच होती, कोणते गेम ठेवायचे ते ती खेळून ठरवणार. दारावर तिनं एक पाटी लावली, त्यावर प्रत्येक गेमचं नाव आणि त्यात नवीन काय ते एका ओळीत. ती पाटी पोरांनी वाचली असेल तर शपथ. आल्या आल्या सगळे बंदुकीचा तोच एक गेम मागायचे, सहाजण सहा कॉम्प्युटरवर बसून एकमेकांना मारायचे आणि खूश होऊन घरी जायचे. नदीमनं हसत हसत विचारलं की आता बनवणाऱ्यांना दोष द्यायचा की खेळणाऱ्यांना? 

खोऱ्याचा गेम वर्षभरात चारजणांनी मागितला. तिघांनी अर्ध्यात सोडला. चौथा होता बिरजू, आलापल्लीकडच्या जंगलात नोकरीला असलेला वनरक्षक. महिन्यातून एकदा सुट्टीवर घरी यायचा, तेव्हा दुपारचे तीन तास कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायचा. फारसा बोलायचा नाही. त्याचा डाव कुणी पुसू नये म्हणून जरीनानं तो वेगळा जपून ठेवला होता.

एकदा चहा देता देता तिनं सहज विचारलं की नाल्यापलीकडचं गाव बोलतं का तुमच्याशी.

“बोलते ना,” बिरजू म्हणाला. “म्हातारी तं जेवाले बोलावते.”

जरीनाला कळेना. म्हातारीनं तिच्या गड्याला दारात उभंही केलं नव्हतं, पूल बांधल्यावरही नाही.

“पूल जाळला नाई तुम्ही?”

“काऊन जाळू? मी तं पुलावर गेलोच नाई. नाल्यात उतरलो, पाण्यापाण्यानं खाली गेलो. जंगलात मागं कोणी लागलं तं आमी तसंच करतो.”

पाण्यात उतरता येतं हे जरीनाला सुचलंच नव्हतं. ती जो गेम खेळली होती तो तिचा होता. याचा गेम वेगळाच निघाला होता, त्याच सीडीतून. तिनं दुरुस्तीला आलेला मिक्सर बाजूला सारला आणि स्टूल ओढून बिरजूच्या शेजारी बसली.

“त्या म्हातारीचं घर आतून कसं आहे, मले दाखवा,” ती म्हणाली.

बिरजूनं गडी गावाकडं वळवला. दार उघडंच होतं.