पावसाळा काढलेला लॅपटॉप

नव्या वस्तूवर काडीचा विश्वास नसलेला, आणि तरीही कुणाच्याही घरच्या नव्या खरेदीला सगळ्यांच्या आधी हजर असलेला माझ्या मामासारखा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा सापडणार नाही. तो नव्या वस्तूला घाबरतो असं कुणी म्हटलं की त्याला राग येतो. "घाबरत नाय, बाय," तो मला म्हणतो, "वळख नाय म्हनून घरात घेत नाय." वस्तू असो, माणूस असो की रस्त्यावरचा पूल असो, त्यानं एक पावसाळा काढल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा मामाचा कायदा. त्याची भातशेती चांदीपला आहे आणि ह्या कायद्याचं मूळ तिथल्या तांदळात आहे. नवा तांदूळ शिजवला की त्याचा गिचका होतो, पोटाला जड पडतो. तोच तांदूळ पावसाळाभर कणगीत राहिला की शीत न् शीत मोकळं होतं. हे सगळ्याच शेतकऱ्यांना ठाऊक असतं, पण बाकीचे शेतकरी ते तांदळापुरतं ठेवतात. मामानं ते उभ्या सृष्टीला लावून टाकलं.

त्याच्याकडे मिक्सर आला तेव्हा तो खोक्यासकट माळ्यावर गेला. मामी पाट्यावर वाटण वाटत राहिली आणि मिक्सर वर पावसाळा काढत राहिला. खाली उतरला तोवर त्याची गॅरंटी संपली होती. मामा म्हणाला, "आता कळंल खरा कसा हाय तो. गॅरंटीत काय, कोनीबी चांगला वागतो." गावात नवा डॉक्टर आला तेव्हा मामा ताप अंगावर घेऊन जुन्या डॉक्टरकडे लांब गेला, आणि वाटेत नव्याच्या दवाखान्यासमोर थांबून त्याला सांगून गेला की तुमचं चांगलं चाललंय, पुढच्या वर्षी येतो. मामीला बघून आल्यावरसुद्धा त्यानं होकार लगेच कळवला नव्हता. मधे एक पावसाळा जाऊ दिला. मामी ते अजून विसरलेली नाही. "मीबी एक पावसाळा थांबायला हवं व्हतं," ती म्हणते, "मंग कळलं असतं." वर एक टोमणा ठरलेला: "भाची झाली तेव्हा बरे थांबले नाय. बारशाच्या आधी पोचले." भाची म्हणजे मी. ह्यावर मामा कानात काडी घालतो आणि ऐकू न आल्यासारखं करतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी मामाचं भांडण एका पुलाशी चाललं होतं. चांदीपहून आमच्याकडे फुलपाड्याला येताना मधे एक ओढा लागतो. त्यावर दिवाळीत नवा पूल खुला झाला. दिवाळीत, म्हणजे पावसाळा संपल्यावर! मामाला हा सरळसरळ कट वाटला. तो जुन्या वाटेनं लांबचा वळसा घालून यायचा. मामी मात्र पुलाशी स्कूटरवरून उतरायची, पदर खोचून चालत पूल ओलांडायची आणि पलीकडच्या दगडावर बसून मामाची वाट बघायची. येणारे-जाणारे विचारायचे, मावशी, एकट्याच? ती सांगायची, "नाय, मालक येतायत. त्यांना फिरायला आवडतं."

स्तुती करायला मामाकडे एकच शब्द आहे: चालेल. मामीच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन बोटं चाटतानाही, चालेल. आमच्या आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घरांत मिळून पदवी मिळवलेली पहिली मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आताही सांगितलं. ते प्रमाणपत्र मी मामाच्या हातात दिलं तेव्हा त्यानं ते उजेडासमोर धरलं, बोटानं कागदाची जाडी पाहिली, वास घेतला आणि म्हणाला, "चालेल." आई रडायला लागली. आमच्याकडे त्याहून मोठं बक्षीस नव्हतं.

पदवीनंतर मला नोकरी लागली. हिशेबाचं काम, घरी बसून करायचं, फक्त लॅपटॉप स्वतःचा हवा. फोनवरच्या बाईंनी सरळ सांगितलं होतं की सोमवारी सकाळी नऊला मशीन चालू करून समोर हजर राहायचं, नाहीतर तुमच्या जागी दुसरी मुलगी थांबलेलीच आहे. तेव्हा शुक्रवारी आम्ही विरारला, पूर्वेला, लॅपटॉपच्या दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मी, आई, आणि अर्थात मामा. बाबा कंपनीत पाळीवर होते, आणि नसते तरी आमच्या घरात पारख करण्याचा मान मामाचाच.

मामानं लॅपटॉप बैलासारखा पाहिला. पाठीवर थाप मारली, तोंड उघडलं, दात मोजावेत तशी बटणं न्याहाळली, मग वाकून वास घेतला. दुकानदार भला होता, विरारच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचं काही नवल राहत नाही. तो म्हणाला, "काका, एकदम लेटेस्ट. आत अकरा आहे."

"अकरा काय?"

"ऑपरेटिंग सिस्टिम, काका. म्हणजे बघा, हे सगळं शरीर आणि तो आतला आत्मा. त्याची आधीची आवृत्ती दहा, आता अकरा आलीय."

"कधी आली?"

"आत्ताच, मागच्या पावसाळ्यानंतर."

मामानं आईकडे पाहिलं. आईनं डोक्याला हात लावला. "शेठ," मामा म्हणाला, "शरीर नवं चालेल. आत्मा नवा नको. दहावाला द्या."

"पण काका, पुढे दहाचा सपोर्ट बंद होणार आहे. कंपनी त्याची काळजी घ्यायचं सोडणार."

"आधार काय, कोनाचाबी एक दिवस बंद व्हतो. त्यासाठी आतापासून का रडायचं?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी आयुष्यभर जुनं वापरलं होतं. पुस्तकं शेजारच्या ताईची, दप्तर चुलतभावाचं, कॉलेजचा कॅल्क्युलेटर मैत्रिणीनं बदलला म्हणून मला आलेला. स्वतःच्या नोकरीची पहिली वस्तू, तीही मागच्या वर्षीची घ्यायची? मी दुकानातच मामाला म्हटलं, "एक तरी गोष्ट माझ्या हातात नवीकोरी येऊ दे ना. ऑफिसला दहा चालतं तसं अकराही चालतं, मी विचारलंय. तुझे पावसाळे सोमवारपर्यंत संपणारेत का?"

दुकानदारानं तेवढ्यात काउंटर पुसायला घेतला. मामा रागावला नाही. तो माझ्याजवळ येऊन हळू बोलला, आणि मामाचा हळू आवाज म्हणजे जवळपास दुसऱ्याच माणसाचा आवाज. "बाय, नवी तू हायस ना. त्या कामावर बसनारी आपल्यातली पयली. तुझ्याच मागं पावसाळा नाय. दोन नव्या वस्तू एका गाडीला जुंपू नको. एक तरी वळखीची असू दे."

मी पर्समधून पैसे काढले. दुकानदाराकडे आदल्या वर्षीचा, दहावाला एक लॅपटॉप होता, तो घेतला. मला वाटलं विषय मिटला. पण आमच्या आजोळी एक रीत आहे. नव्या भाताचा नैवेद्य झाला की पहिला घास घरातल्या मोठ्यानं खायचा, त्याला बाधला नाही तर मग पोराबाळांनी. नवा तांदूळ मामाला मुळीच आवडत नाही, पण तो पहिला घास मात्र तो दरवर्षी खातो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, चालेल. दुकानाच्या पायरीवर मामानं लॅपटॉप काखेत मारला. "दोन दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ दे. काय खोट असंल ती माझ्या हातात निघू दे, तुझ्या नको."

"मामा, तू कधी कॉम्प्युटरला हात तरी लावलायस?"

"घास घ्यायला शिकावं लागतं?"

मी त्याला चालू-बंद करायला शिकवलं, त्याच्या मोबाइलचं इंटरनेट जोडून दिलं आणि रविवारी रात्री परत हवा म्हणून बजावलं. शनिवार शांततेत गेला. रविवारी ऊन उतरताना मामीचा फोन आला. "बाय, हा तुझा डबा इंग्रजीत म्हनतो बंद करू नका, आनि इकडं लाईट गेली."

मागून मामा ओरडत होता, "मी काय केलं नाय!"

"मामा, तू काय दाबलंस?"

"ते जे इचारत व्हतं, त्याला हो म्हनलो. कालपास्नं सारखं इचारतंय. दारातल्या पाव्हन्याला किती येळा नाय म्हननार?"

लॅपटॉप स्वतःला नवा करत होता, बॅटरी किती उरली ते दिसत नव्हतं, आणि अर्ध्यात बंद पडला तर सोमवारी माझ्यासमोर नुसता काळा पडदा असणार होता. चांदीपची वीज गेली की कधी येईल ते विजेलाही ठाऊक नसतं. मी ओरडले, "झाकण लावू नको! तसाच उघडा घेऊन इकडे ये, लगेच!"

ती मिरवणूक ज्यांनी पाहिली त्यांच्याकडून मी पुढे कितीदा तरी ऐकली. पुढे स्कूटरवर मामा. मागे मामी, मांडीवर उघडा लॅपटॉप, वर धूळ बसू नये म्हणून पदर, आणि पदरात डोकं घालून ती आकडा वाचतेय, "साठ झालं! हळू चालवा! बासष्ट! अवो, जोरात चालवा!" आमच्या बिल्डिंगच्या गेटवर मी उभी; मामीच्या खांद्यावरची चार्जरची वायर आधी हातात घेतली. देवाचं ताट न्यावं तसा तो लॅपटॉप मामीनं जिन्यानं वर आणला, पुढे आई लोकांना बाजूला करत. प्लगात पिन गेली तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

मग लक्षात आलं, हे फारच लवकर पोचले. "कुठून आलात?"

मामी खाली बसत म्हणाली, "नव्या पुलावरनं आनलं यांनी. डोळे मिटून."

"डोळे उघडे व्हते," मामा म्हणाला. "श्वास धरला व्हता."

लॅपटॉप एकदा काळा झाला. पुन्हा उजळला, कसलंसं स्वागत झालं, आणि मी पाहिलं की खालच्या पट्टीवरची चित्रं डावीकडून सरकून मधोमध येऊन बसली होती. मी ओळखलं, तरी सेटिंगमध्ये जाऊन खात्री केली. मग मला जे येतं तेच मी केलं, सरळ सांगितलं. "मामा, दहाचं अकरा झालं."

"कोनी केलं?"

"तू. पाव्हण्याला हो म्हणालास ना, तो पाव्हणा अकरा होता."

मामी इतकी हसली की आईला तिला पाणी द्यावं लागलं. "बत्तीस वर्सं," ती म्हणत होती, "बत्तीस वर्सं मला पावसाळे शिकवले, आनि हे बगा, एका दिवसात आत्मा बदलून आले!" मामा लॅपटॉपसमोर जाऊन बसला. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, वाकून वास घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो, मी सगळ्यांत जास्त.

"चालेल," तो म्हणाला.

सोमवारी नऊ वाजता मी हजर होते. मशीन नीट चाललं, मीही. मामा आदल्या रात्री आमच्याकडेच राहिला होता. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, आणि कुणी चुकून बटण बंद करू नये म्हणून सकाळभर त्याचा हात त्या प्लगवर होता.

आता त्या लॅपटॉपनं पुष्कळ पावसाळे काढले. मला ऑफिसनं दुसरा दिला, आणि हा चांदीपला मामाकडे आहे. त्याच्यावर तो भाताच्या जातींचे व्हिडिओ बघतो आणि काहीही विचारलं गेलं तरी नाही म्हणतो. स्कूटर त्यानं सोडली, गुडघे धरतात. पुलावरून तो आता रिक्षानं येतो. पूल चांगला निघाला, असं तो रिक्षावाल्याला प्रत्येक वेळी सांगतो.

यंदा नव्या भाताच्या दिवशी मी चांदीपला गेले होते. नैवेद्य झाला, मामीनं पहिलं पान मामापुढे वाढलं. मामानं भाताकडे पाहिलं आणि पान माझ्याकडे सरकवलं. "पयला घास तू घे, बाय. मला आताशा चव कळत नाय."

मामीनं टोमणासुद्धा मारला नाही, त्यावरून मला कळलं, चवीचं खरं होतं. मी घास घेतला. भात गिचका होता, चिकट होता, ओल्या पेंढ्याचा वास होता त्याला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मामा सगळ्यांत जास्त.

"चालेल," मी म्हटलं.

मग त्यानं ते पान परत आपल्यापुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.