दोन किलो जास्त

नवरा रोज सकाळी व्यायाम म्हणून एका पट्ट्यावर पाय रोवून उभा राहतो आणि तोच पट्टा दातओठ खाऊन वर ओढतो. पट्टा हलत नाही. हलायचाच नसतो म्हणे. त्यातला सेन्सर फक्त जोर मोजतो आणि मोबाइलवर आकडा दाखवतो.

"बघ, कालच्यापेक्षा दोन किलो जास्त!"

मी तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुशीवर वळवत असते.

"जरा हात लाव."

"थांब, सेट मोडेल."

सासूबाईंचं वजन कुठल्या ॲपवर दिसत नाही, माझ्या कमरेला कळतं. काहीही न हलवता घाम गाळायची कला या घरात जुनीच. आता तिला आकडा मिळाला, एवढंच.

आज सासूबाईंनीच विचारलं, "एवढं काय ओढतोय गं तो?"

"स्वतःलाच, आई. जागचा हलत नाहीये."