कुणी भांडलं काय?

मंगळवारी सकाळी आक्कांचा मजकूर आला नाही. थोड्या वेळानं त्यांच्या सुनेचा फोन आला. आक्का झोपेत गेल्या होत्या.

निवृत्तीनंतर आक्का दर मंगळवारी ईमेलनं एक पत्र काढायच्या. त्याचं नाव 'बांधावरून'. सकाळी त्या मजकूर माझ्या फोनवर पाठवायच्या, मी तो तपासून वाचकांना धाडायची. संध्याकाळी आक्का माझ्या दारात हजर. चप्पल न काढता, एक हात चौकटीवर ठेवून विचारायच्या, "कुणी भांडलं काय गं?"

भांडलं असेल तरच चप्पल निघायची.

निपाणीच्या शाळेत आम्ही दोघी एकत्र शिकवलं. त्या मराठी, मी इंग्रजी. पुढं बेळगावात कॅम्प भागातही घरं जवळजवळ मिळाली. शिक्षक निवृत्त झाला की त्याला ऐकणारा वर्ग हवा असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आक्कांना उलट बोलणारा वर्ग हवा होता. मांडे दुधात कुस्करून खावेत, असं त्यांनी एकदा लिहिलं. गुंजीच्या एका बाईंनी कळवलं, की दुधात बुडवायचे तर बिस्किटं आणावीत, मांड्यांच्या वाटेला जाऊ नये. आक्का इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी रात्रीचं जेवण माझ्याकडेच झालं. बाईंना उत्तर कसं द्यायचं यावर आमची भाजी करपली.

मग त्यांच्या मुलानं आईला कौतुकानं एक नवी सोय दाखवली. पत्र किती जणांनी उघडलं, कुठं वाचणं सोडलं, सगळं फोनवर दिसायचं. आक्का त्या आलेखाकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसं बघू लागल्या. कुंद्यावरचं, आमच्या बेळगावी मिठाईवरचं, पत्र सर्वांत जास्त उघडलं गेलं होतं. झालं, पुढचे कितीतरी मंगळवार नुसते खाण्यात गेले. वाचक वाढले. रेघ वर गेली. उत्तरांत मात्र नमस्काराचे हात आणि अंगठे तेवढे यायचे. मी ते त्यांना दाखवले.

आक्का म्हणाल्या, "सगळे हात जोडून बसलेत. माझं श्राद्ध घातलंय काय?"

त्या संध्याकाळी चप्पल पायातच राहिली. जाताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, की हे पत्र पोचतंय की नुसतं जातंय, तेच आता कळत नाही. नुसतं जात असेल तर बंद करावं.

मला भीती वाटली. त्यांचे यजमान गेल्यापासून आठवड्याला आकार होता तो या पत्राचा.

यजमानांबद्दल सांगायला हवं. ते चिकोडीकडचे, घरचे कन्नड. आक्का मराठी. दोघं जन्मभर आपापल्या भाषेत बोलले आणि एकमेकांचं सगळं समजत गेलं. भांडण मात्र उलट चालायचं. आक्का कन्नडात भांडायच्या आणि ते मराठीत. समोरच्याला नीट लागलं पाहिजे, एवढाच उद्देश.

पुढच्या मंगळवारी आक्कांनी खाणं सोडून त्यांच्या घराच्या पाटीचं भांडण लिहिलं. नवीन घर बांधलं तेव्हा दारावरची पाटी कन्नडात असावी म्हणून आक्का हटून बसल्या. ती मराठीत असावी म्हणून यजमान. तुमचा मान, नाही तुझा मान, असं करत दोघांनी दोन महिने अबोला धरला आणि शेवटी पाटी लागलीच नाही. नवा पोस्टमन आला की शेजाऱ्यांना विचारून पत्रं टाकायचा. 'आमच्या ह्यांनी आयुष्यात एकदाच हट्ट केला आणि तोही चुकीचा,' असं आक्कांनी शेवटी लिहिलं होतं.

आमच्या सीमाभागात मराठी-कन्नड पाटीबद्दल लिहिणं म्हणजे काय, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. काहींना त्या तिकडच्या वाटल्या, काहींना इकडच्या. दोन दिवसांत कितीतरी लोक यादीतून नावं काढून गेले. रेघ विहिरीत दोर सोडावा तशी खाली गेली. मुलगा म्हणाला, आई, हे कशाला? भांडलं कुणीच नव्हतं. लोक न बोलता उठून गेले होते.

मग सदलग्याहून एक उत्तर आलं, कन्नडात. लिहिणारे आजोबा निवृत्त शेतकरी होते. त्यांना मराठी बोललेली कळायची, पण वाचता येत नव्हती. मराठी शाळेत शिकलेली सून त्यांना दर मंगळवारी 'बांधावरून' वाचून दाखवायची, आणि हे उत्तरही तिनंच त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. मी आक्कांना ते वाचून दाखवलं. आजोबांनी नमस्कार वगैरे काही घातला नव्हता. सरळ सुरुवात होती:

"बाई, तुम्ही चुकलात. पाटी दार उघडणाऱ्याच्या भाषेत असावी. तुमचे यजमान दिवसभर कामावर. शाळेतून आल्यावर दार तुम्हीच उघडत होता. त्यांचंच बरोबर होतं."

आक्का बसल्या. चप्पल उंबऱ्याच्या आतच निघाली होती. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"हे कधी बोलले न्हाईत गं ते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "लिहिलं नसतं तर हे मला कुणी सांगितलं असतं?"



त्यांनी चहा मागितला, नेहमीपेक्षा जास्त साखर घालून. मग फोन पुढं ओढून सदलग्याला उत्तर लिहायला घेतलं, कन्नडात. आपली हार मान्य केली, आणि लगेच खाली त्यांच्या मराठी न शिकण्यावरून त्यांना चार शब्द सुनावले. मुलानं दिलेला तो आलेख त्यांनी माझ्याकडून बंद करवून घेतला. "लई झाली परीक्षा," म्हणाल्या.

त्यानंतर त्या दोन वर्षं लिहीत होत्या. वाचक पूर्वीएवढे परत जमले की नाही, मी पाहिलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

आता मजकूर येत नाही. खातं बंद करायचं का, असं मुलानं विचारलं. मी राहू दे म्हटलं. जुनी पत्रं तिथं आहेत. अधूनमधून कुणीतरी नवीन माणूस नाव नोंदवतो. नाव नोंदवलं की आक्कांनी पहिल्या वर्षी लिहून ठेवलेलं स्वागताचं पत्र त्याला आपोआप जातं: 'आलात, बरं झालं. बसा. मी कॅम्पातच असते.'

तेवढं एक पत्र अजून जातं.