बसला

खाडीचं पाणी बिघडलं तेव्हा बाबांनी घिवली गावातल्या आमच्या घरामागे होडी ओढून ठेवली. त्या पाण्यात कारखान्यांकडून येणारं एक विष फोडणारं एन्झाइम आम्ही पुण्याच्या लॅबमध्ये आखत होतो, आणि मी शहाणी हे बाबांना सांगून बसले. झालं. तेव्हापासून ते दरवर्षी होडीला तेल लावायला लागले. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "तुजं औषद झालं का, बाय?"

एन्झाइम आखलं तसंच उतरलंय का, हे बघायला त्याचे स्फटिक करावे लागतात. त्याच्या पोकळीत विषासारखाच दिसणारा, पण न फुटणारा रेणू घालायचा आणि क्ष-किरणांनी त्या जोडीची रचना काढायची. कितीतरी महिने थेंबांत नुसता गाळ साचला. मग एकदाचे स्फटिक आले, रचनाही निघाली. रेणू जिथे असायला हवा होता, तिथेच होता. अशा वेळी आमच्या लॅबमध्ये एकच शब्द म्हणायचा. मी बाहेर पळत जाऊन फोन लावला आणि ओरडले, "बाबा, बसला!"

बाबांनी आवाज एकदम मऊ केला.

"बसला? जाऊ दे, बाय. आपला मासळीचा धंदा पन बसलाच की. रडू नको. घरी ये, पोटभर जेव."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. बसला म्हणजे बुडाला नव्हे, जागेवर नीट बसला, असं मी त्यांना समजावलं. "मंग चांगलं हाय," ते म्हणाले, पण त्यांना ते फारसं पटलेलं वाटलं नाही.

पुढे खऱ्या विषावर चाचणी घेतली. एन्झाइम विष फोडत होतं, पण फुटलेला तुकडा पोकळीतून बाहेरच निघेना. एकदा काम केलं की ते कायमचं अडकून पडायचं. खूप खटपट केली, काही उपयोग झाला नाही. रचना मात्र सुरेख होती, म्हणून पेपर छापून आला. लोकांनी अभिनंदन केलं की मला अजून चीड येते.

त्या दिवाळीत घरी गेले, तर बाबा होडीला तेलच लावत होते. त्यांनी वर बघितलं. नेहमीचा प्रश्न त्यांच्या तोंडावर होता.

"बाबा, बसला," मी म्हटलं.

या वेळी समजवावं लागलं नाही. अर्धी होडी तशीच कोरडी ठेवून त्यांनी तेलाच्या डब्याला झाकण लावलं.

"चल," ते म्हणाले, "जेवून घे."